मुलीला ‘चिंकी’चा रोल आलाय, हो म्हणू की नाही?

ताई नमस्कार. मी पुण्यात असतो, आयटीत नोकरी. बायको मिझोरामची आहे, ऐझॉलची. इथे शिकायला आली होती तेव्हा ओळख झाली, लग्नाला आता १६ वर्षं होतील. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. जन्म पुण्यातलाच, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलते (खरंच, मी अजून न आणि ण मध्ये गडबडतो). नाटकाच्या क्लासला जाते, तिथून तिचं नाव एका मराठी वेबसिरीजच्या ऑडिशनला गेलं आणि सिलेक्ट झाली, घरात पेढे वगैरे झाले. मग सीन आले. सोसायटीबाहेर चायनीजची गाडी लावणारा एक माणूस आणि त्याची मुलगी, मुलीचं नाव चिंकी (ईशान्येकडच्या लोकांना चिडवायला वापरतात तोच शब्द). ती “काकू आला”, “मी खातो” असं बोलते आणि सगळे हसतात. पाच एपिसोड हेच. मी म्हटलं नाही करायचं. लेक म्हणते, पप्पा चिल, शाळेत तसंही म्हणतातच, इथे निदान पैसे मिळतील. दोन दिवस नीट जेवली नाहीये. बायको या विषयावर एक शब्द बोलत नाही. आई म्हणते त्यात काय एवढं, मी पण तिला लाडाने चिनी बाहुलीच म्हणते की. मी ओव्हररिअ‍ॅक्ट करतोय का?
एक बाबा, पुणे

दादा,

ओव्हररिअ‍ॅक्ट नाही करत आहात. उशीर केलाय थोडा, पण त्यावर नंतर येते.

आधी तुमच्या लेकीचं ते वाक्य. “तसंही म्हणतातच, इथे निदान पैसे मिळतील.” ते वाचून मला तिचं कौतुकही वाटलं आणि पोटात कसंतरीही झालं. म्हणजे पोरीने हिशोब मांडलाय बघा, जे ऐकायचं ते बदलणार नाहीच, फक्त फुकट ऐकायचं की पैसे घेऊन एवढंच आपल्या हातात आहे. तिला अक्कल नाही, तिला कळत नाही असं कृपा करून बोलू नका, कारण तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतंय, तिने फक्त उत्तर चुकीच्या जागी शोधलंय आणि तेही शाळेत रोज तेच ऐकून.

आता मला एक कबूल करायचंय, ते लपवून सल्ला दिला तर बरं दिसणार नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका कॉमेडी शोसाठी स्किट लिहायचे. काम कसं चालायचं सांगते, मंगळवारी रात्री फोन यायचा की विषय हा आहे, बुधवारी दुपारी रिहर्सल, गुरुवारी शूट, आणि दुसऱ्या पानाच्या आत लाफ्टर आलाच पाहिजे नाहीतर परत लिही. अशा वेळी माणूस काय करतो, तर आधीच मळून ठेवलेली कणीक काढतो. वॉचमन पाहिजे? बहादूर, “शाबजी”. इडलीवाला पाहिजे? लुंगीवाला अण्णा. विचारच करायचा नाही, एन्ट्रीलाच हशा, तुमचं दुसरं पान वाचलं.

तर मी असाच एक नेपाळी वॉचमन लिहिला. रोल केला कोकणातल्या एका मुलाने, फार गुणी होता, आणि मेकअपदादाने त्याच्या डोळ्यांच्या कडा पारदर्शक टेप लावून कानाकडे ओढल्या आणि वरून विग बसवला. डोक्यावर ती रंगीत नक्षीची नेपाळी टोपी. सेटवर सगळे लोळत होते हसून, मी पण. आमच्या स्टुडिओच्या गेटवर एक खराखुरा नेपाळी दादा होता, तोही आत येऊन बघून गेला, हसला पण. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला म्हणतो, “ताई, ती टोपी ड्युटीवर कोण घालतं हो, ती आम्ही लग्नात घालतो.” एवढंच. रागावला नव्हता. पण हे वाक्य तो असं स्वच्छ मराठीत बोलला, आणि मला एकदम लक्षात आलं की मी याला सहा वर्षं रोज बघतेय, याच्याशी रोज मराठीत बोलतेय, आणि नेपाळी वॉचमन लिहायची वेळ आली तेव्हा मला गेटपर्यंत वीस पावलं जावंसं वाटलं नाही. मी दुसऱ्या पिक्चरमधला वॉचमन उचलला, जो त्या पिक्चरवाल्याने तिसऱ्यातून उचलला होता.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण असं की तुमच्या मनात आत्ता त्या वेबसिरीजवाल्यांचं जे चित्र असेल, की हे कोणीतरी वाईट, मुद्दाम अपमान करणारे लोक आहेत, ते बहुतेक तसं नसणार. कोणीतरी पंचविशीतलं पोरगं असेल, रात्री दोनला लिहीत असेल, कणीक काढली, लाटली. याने त्याचा दोष कमी होत नाही. पण अशा माणसाशी बोलता येतं.

आता ते संवाद. मी परत परत बघितले तुम्ही पाठवलेले. “काकू आला.” “मी खातो.” गंमत बघा, कोल्हापूरकडच्या मुली “मी आलो”, “मी जातो” असंच म्हणतात आणि आपण म्हणतो काय गोड बोलतात, काय ठसका आहे. तेच क्रियापद, तीच चूक (चूक तरी कसली, बोलीच ती), चेहरा बदलला की जोक. म्हणजे हसू व्याकरणाचं नाहीये. आणि चिंकी हे नावही फार सोयीचं निवडलंय, कारण आपल्याकडे पिंकी, चिंकी, मिनी ही घरोघरी लाडाची नावं असतात, कोणी जाब विचारला की म्हणता येतं, अहो लाडाचं नाव आहे ते, तुम्ही कशाला भलता अर्थ काढता. काढतात सगळे तोच अर्थ, म्हणून तर नाव ठेवलंय.

पण मला खटकलं ते वेगळंच आहे आणि मला वाटतं ते तुमच्या नजरेतून सुटलंय. तुमची लेक पुण्यात जन्मली, ती “काकू आला” असं स्वप्नात पण बोलणार नाही. मग तुमच्या घरात असं कोण बोलायचं? मिझो भाषेत क्रियापदाला लिंग नसतं. तो, ती, ते सगळ्याला एकच सर्वनाम. जिची मातृभाषा ती आहे अशी बाई पंचविशीत मराठी शिकायला लागली तर ती काय चुकेल? हेच चुकेल. आला, आली, आलं यातच चुकेल, वर्षानुवर्षं चुकेल, कारण तिच्या डोक्यात तो कप्पाच नाहीये आणि आपण तर टेबलाला नपुंसकलिंगी करतो आणि खुर्चीला स्त्रीलिंगी, कुठल्या लॉजिकने ते आपल्यालाही माहीत नाही.

दादा, हा रोल तुमच्या मुलीचा नाहीच आहे. तुमच्या बायकोचा आहे. मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं राहून तिच्या आईची नक्कल करायची आहे आणि त्यावर लोकांनी हसायचं आहे. लिहिणाऱ्याला हे माहीत नाही, मुलीला कदाचित जाणवलं असेल कदाचित नसेल, पण तुमच्या बायकोने ती पानं वाचली असतील तर तिला पहिल्या ओळीला कळलं असणार. ती गप्प का आहे असं तुम्ही विचारता. मी तिला ओळखत नाही, तिच्या वतीने बोलायचा मला हक्क नाही, पण मी तिच्या जागी असते तर मी तरी काय बोलले असते? लेकीचा पहिला रोल, घरात पेढे, आणि मी म्हणू की हे माझ्यावर हसणं आहे, करू नकोस?

तर आज रात्री पहिलं काम हे. बायकोला विचारा. “तुला काय वाटतं, करू द्यावं का” असं नका विचारू, त्याला ती “तुम्ही ठरवा” म्हणेल आणि विषय संपेल. विचारा की तू पुण्यात आलीस तेव्हा लोक तुझ्या मराठीवर हसायचे का, कोण हसायचं, मी पण हसलो होतो का. शेवटचा प्रश्न गिळू नका. आणि मग मध्ये मध्ये बोलू नका, समजावू नका, “अगं त्यांचा तसा उद्देश नव्हता” तर अजिबात म्हणू नका.

आता उशिराचं. तुमची आई १३ वर्षं त्या पोरीला चिनी बाहुली म्हणतेय आणि तुम्ही पत्रात ते असं लिहिलंय जणू आजच कळलं. आईंचं प्रेम खोटं नाही, मला दिसतंय, नातवंडासाठी जीव टाकणारी बाई असणार. पण मार्च २०२० आठवा. तेव्हा ईशान्येच्या मुलामुलींना रस्त्यात, दुकानात “कोरोना” म्हणून ओरडत होते लोक, भाड्याच्या खोलीतून काढत होते, इतकं की केंद्रीय गृहमंत्रालयाला सगळ्या राज्यांना पत्र पाठवावं लागलं की हे थांबवा. तुमची बायको तेव्हा भाजी आणायला जात होती ना? तिने घरी येऊन काही सांगितलं का? आणि त्याच घरात संध्याकाळी “आमची चिनी बाहुली कुठंय” अशी हाक येत होती. लाडाची होती, मान्य. पण तो शब्द बाहेरून काय होऊन येतोय ते आईंना कोणी सांगायचं होतं? सुनेने? सुनेने सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही. हे मुलाचं काम होतं.

आईंशी बोलताना रेसिझम, स्टिरिओटाइप असले शब्द वापरू नका, त्यांना वाटेल मोबाइलमधून काहीतरी शिकून आलाय. साधं सांगा, आई, पोरीला शाळेत हाच शब्द वापरून चिडवतात, घरात तरी नको. मी पैजेवर सांगते, त्या त्याच दिवसापासून थांबतील आणि वर शाळेत जाऊन भांडायला निघतील, त्यांना तेवढं आवरा.

“त्यात काय एवढं” याचं उत्तर द्यायची वेळ आलीच तर जानेवारी २०१४ सांगा. दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलचा निडो तानिया नावाचा कॉलेजमधला पोरगा पत्ता विचारायला दुकानापाशी थांबला, त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून चिडवलं, भांडण झालं, मारलं त्याला, आणि तो गेला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली, त्यांनी बऱ्याच शिफारशी केल्या, त्यात एक अशी की ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती बाकीच्या देशाला शाळा-कॉलेजात शिकवा. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, वेबसिरीजमधल्या एका जोकने कोणी मरत नाही. पण सुरुवात चिडवण्यानेच झाली होती, आणि चिडवताना त्यांनाही ती गंमतच वाटली असणार.

बरं, आता मुलीशी काय बोलायचं. “अ‍ॅक्टिंग बंद” हे तर नाहीच. तिला डॅनी डेन्झोंगपा दाखवा. सिक्कीमचा माणूस, आणि शिकला कुठे, तर तुमच्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. १९७३ च्या ‘धुंद’ मध्ये त्याने अपंग, चिडका, बायकोला छळणारा ठाकूर केला, नाव ठाकूर रणजित सिंग, आणि त्याच्या डोळ्यांवरून कोणी एक शब्द बोलत नाही, तो फक्त एक भयंकर माणूस आहे. आणि मग १९९० चा ‘अग्निपथ’ दाखवा, तिथे तोच डॅनी आपल्या अलिबागजवळच्या मांडव्यात येतो आणि त्याचं नाव काय ठेवलंय? कांचा चीना. जबरदस्त काम केलंय त्याने, वाद नाही, पण नावात बघा कणीक आलीच. तिला विचारा, कुठल्या पिक्चरमध्ये लिहिणाऱ्याने जास्त कष्ट घेतलेत. ती नाटकवाली आहे, तिला हा प्रश्न आवडेल, भाषणापेक्षा नक्कीच. मग हेही सांगून टाका की २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमवर पिक्चर निघाला तेव्हा मेन रोल प्रियांका चोप्राने केला. प्रियांकाने मेहनत घेतली, नाही असं नाही, आणि तिच्या नावावर पैसे उभे राहिले हेही खरं. पण तिथला चेहरा चायनीजच्या गाडीला चालतो आणि वर्ल्ड चॅम्पियनला चालत नाही, हे तिला आत्ताच कळलेलं बरं. १३ वर्षांच्या मुलीला हे झेपतं, ती शाळेत याहून जास्त झेलतेय.

नंतर वेबसिरीजवाल्यांशी मीटिंग मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोरासमोर, आणि लेखक हवाच म्हणा, नुसता कास्टिंगवाला नको, त्याच्या हातात काही नसतं. मुलीला बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. पहिली गोष्ट, नाव बदला. मिझो मुलींची नावं ईकारान्त असतात, मुलग्यांची आकारान्त, म्हणजे आपल्या मुलगी-मुलगा सारखंच, ती हॉकीवाली लालरेमसियामी ऐकली असेल तुम्ही, मिझोरामची पहिली ऑलिम्पिकला गेलेली बाई. हे त्या लेखकाला सांगा, खरं नाव दिलं आणि सोसायटीतल्या काकूंना ते उच्चारता येईना, तर जोक तिथे आहे की, आणि हसू काकूंवर जातं. दुसरं, भाषा तिची स्वतःची. ती फाडफाड पुणेरी बोलेल आणि समोरचा हिंदीत “मोमो कितने का” विचारत राहील, तिने दोनदा मराठीत उत्तर दिल्यावरही विचारत राहील, हा सीन तर मी फुकट लिहून देते. आणि हा तुमच्या मुलीच्या आयुष्यात दर आठवड्याला घडत असणार, तिलाच विचारा, तिच्याकडे असे दहा तयार असतील. गाडी राहू द्या. चायनीजच्या गाडीत वाईट काही नाही, कष्टाचं काम आहे.

चांगला लेखक असेल तर उडी मारेल, कारण त्याला आयतं नवीन मटेरियल मिळतंय. मला त्या गेटवरच्या दादाशी कोणी असं बोलायला बसवलं असतं तर मी तरी मारली असती असं मला वाटतं. पण ते “अहो सर कॉमेडी आहे, एवढं काय मनाला लावून घेता” म्हणाले, किंवा तोंडावर हो म्हणून नवीन पानं पाठवलीच नाहीत, तर उठा आणि निघा. ते दुसरी मुलगी शोधतील, चिंकी होईलच कोणीतरी, हे मुलीला आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर धक्का नको.

आणि ती तरीही म्हणाली की मला करायचंय? तर माझं मत सरळ आहे, नाही म्हणा. ती १८ ची असती तर मी म्हटलं असतं तिचं तिला ठरवू दे, मोठ्या नटांनी पोटासाठी काय काय केलंय आणि त्यांना नावं ठेवणारे आपण कोण. पण १३ ला नाही. एपिसोड लोक विसरतील, त्यातली “काकू आला” ची १५ सेकंदांची क्लिप कापून फिरवतील आणि ती दहावीपर्यंत, कॉलेजपर्यंत शाळेच्या ग्रुपवर येत राहील, तिच्याच तोंडून, तिच्याच आवाजात. शाळेत तसंही म्हणतात ते थांबवायला तुम्हाला जायचंय (गेलात का एकदा तरी? पत्रात नाही लिहिलेलं), त्या वेळी समोरचा क्लिप दाखवेल. ती रुसेल, जेवणार नाही, दार आपटेल. आपटू दे. दुसरं नाटक शोधा तोपर्यंत.

जमलंच सगळं आणि शूटला गेलात तर नियम माहीत असू देत. ती १४ च्या आतली आहे, म्हणजे २०१७ मध्ये जे बालकामगार नियम बदलले ते लागू. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग ३ तासांवर नाही, मध्ये विश्रांती पाहिजेच. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही हेही त्यातच लिहिलंय, म्हणजे सेटवर ऐनवेळी कोणी म्हणालं की “बाळा, ते जुनंच बोल ना एकदा, मजा येते” तर ती नाही म्हणू शकते आणि तुम्ही तिच्या मागे उभे राहू शकता. तिच्या कमाईतले निदान २० टक्के तिच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायचे असतात. परवानगीचा कागद आणि एफडीची पावती दोन्ही स्वतः हातात घेऊन बघा, मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर भागवून घेऊ नका.